एका प्याल्यातलं उष्टं

लातूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षातून एकदा बायकांची सभा भरायची आणि तिथं कुणाला तरी उभं करून साक्ष द्यायला लावायचे. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघींसमोर सांगायचं. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ही पाळी माझ्यावर आली. विषयसुद्धा ठरवून दिला होता, 'शिष्य म्हणून जगणं'. मी तेव्हा कुष्ठरोगाच्या खात्यात नोकरीला होते. रोग्यांच्या पायांच्या जखमा धुवायचे, त्यांच्या घरी बसून चहा प्यायचे, आणि एवढ्यावरून मंडळीतल्या बायका मला फार मोठी समजायच्या. पाळकबाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या की आपल्यात खरी शिष्य ही एकच. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते का झालं हे त्यांना सांगायची सोय नव्हती. सांगायचं तर पार लोह्यापासून, बहात्तरच्या दुष्काळापासून सांगावं लागलं असतं.

लोह्याला माझे वडील महारोगाच्या गोळ्या वाटायचं काम करत. सायकलीच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली, तिच्यात पांढऱ्या गोळ्यांचे डबे, जांभळं औषध, कापूस, आणि जुन्या धोतरांच्या फाडून गुंडाळलेल्या पट्ट्या. कोणत्या वारी कोणत्या गावाबाहेरच्या लिंबाखाली बसायचं ते ठरलेलं असे. रोगी यायचे, वडील त्यांचे पाय मांडीवर घेऊन धुवायचे, पट्टी बांधायचे, आणि मग त्यांच्यातच बसून आपली भाकर सोडायचे. रविवारी आमच्या अकरा घरांच्या मंडळीला शास्त्र वाचून दाखवणारेही तेच, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. खरे पाळक नांदेडहून दोन-तीन महिन्यांनी एसटीनं येत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा खाऊन एका प्याल्यातून प्यायचा विधी, त्यांच्याच हातून व्हायचं.

वडील मऊ माणूस. भांडण म्हणून त्यांना माहीत नव्हतं. घरातलं सगळं भांडण आईच्या वाट्याला आलेलं, आणि तिच्याकडून ते माझ्याकडे. आईचा विश्वास मोठा होता, पण आवाज त्याहून मोठा. ती प्रार्थना करायला लागली की देवालाही दरडावते आहे असं वाटायचं. वडिलांनी काही जास्तीचं चांगुलपण केलं की ती म्हणायची, तुमचा शिष्यपणा घाला चुलीत, लेकरं माझी हायत. वडील हसायचे आणि पुढच्या गावाला सायकल काढायचे.

त्यांच्या रोग्यांपैकी एक बाई आमच्या वस्तीच्या टोकाला खोप घालून राहायची. तिला मी मावशी म्हणायचे. ती एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून. अंगावर चट्टे उठले तसं नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि हिला गोठ्यात ठेवलं. पुढं गोठ्यातूनही काढलं, तेव्हा हाताशी पाच-सहा वर्षांची मुलगी होती. वडिलांना ती रस्त्याच्या कडेला सापडली. चार वर्षं न चुकता तिनं गोळ्या खाल्ल्या. रोग जागच्या जागी थांबला होता, तिच्यापासून आता कुणाला काही व्हायची भीती नव्हती, हे वडील शंभर वेळा सांगायचे. पण बोटं आखडली ती आखडलीच, आणि तळहाताला, तळपायाला काही कळत नसे. चुलीवरचं भांडं तिनं हातानं उतरवलं की आम्हीच ओरडायचो.

मावशी आमच्याकडे जेवायची ती ओट्यावर. तिची जर्मनची ताटली बाहेरच्या कोनाड्यात पालथी घातलेली असे. जेवली की ती स्वतःच राखेनं घासून परत तिथं ठेवायची. वडील तिच्या शेजारी बसून जेवत. आई वाढायची, पोटभर वाढायची, पण हात उंच ठेवून वाढायची, ताटलीला पळी लागू नये म्हणून. हे उंचावरून वाढणं आमच्या घरात कुठून आलं ते मला माहीत होतं. माझ्या आईच्या आईनं याच भागातल्या विहिरींवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरलं होतं, आणि तेव्हा ओतणाऱ्या होत्या त्या मावशीच्या सासरसारख्या घरांतल्या बाया. आई याबद्दल कधी बोलली नाही. मावशीही नाही. पण दोघींना ते ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

मग तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. बायका नदीच्या वाळूत खड्डे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. आमची अकराही घरं सरकारी कामावर खडी फोडायला गेली, गावातले शेतकरीही शेजारीच बसून खडी फोडत होते. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकर तव्यावर फुटायची आणि पोटात दगडासारखी बसायची. मावशीही कामावर गेली. पहिल्याच दिवशी मुकादमानं तिची बोटं पाहिली आणि तिला उठवून लावलं. वडील त्याच्याकडे जाऊन आले, हात जोडले, उपयोग झाला नाही. मग वडिलांनी तिला आमच्या अंगणात पट्ट्या गुंडाळायला बसवलं. आखडलेल्या हातांनी, दोन्ही तळव्यांमध्ये धरून, ती इतक्या घट्ट पट्ट्या गुंडाळायची की मला तशा कधी जमल्या नाहीत.

तिथं बसून बसून ती शास्त्र ऐकायची. एक दिवस तिनं वडिलांना सांगितलं की मला बाप्तिस्मा पाहिजे. वडिलांनी विचारलं, कशासाठी? दुष्काळात असं विचारावंच लागायचं, कारण मिशनकडून वाटल्या जाणाऱ्या दुधाच्या भुकटीसाठी चार दिवस येणारी माणसंही होती. मी तेव्हा जवळच भाजी निवडत होते, त्यामुळे तिचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं.

"तुमी समदे एका प्याल्यातून पिता, ते मी दारातून बघून राहिले चार वरसं," ती म्हणाली. "माझ्या लेकीला बी मी माझं उष्टं दिलं न्हाई कधी. कोनाचं तरी उष्टं आपुन प्यावं, आपलं कोनीतरी प्यावं. मंग मानूस घरचं होतं, मास्तर."

वडिलांनी नांदेडला पत्र टाकलं.

आमच्या प्याल्याची गोष्ट इथं सांगायला हवी. लोह्याची आमची मंडळी दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या घरांची झालेली. पूर्वी ही घरं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. पहिल्यांदा बाप्तिस्मे झाले तेव्हा प्रभुभोजनाला आधी कोण पिणार यावरून तंटा झाला, म्हणे. तेव्हाच्या प्रचारकानं तोडगा काढला, की जो सगळ्यांत नवा, तो आधी पिईल आणि जुने त्याच्या मागून पितील. तेव्हापासून ती रीतच पडली. कल्हई केलेला एक पितळी प्याला होता. नव्याचं उष्टं सगळ्या जुन्यांनी प्यायचं. आम्हाला या रीतीचा अभिमान होता. बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही ती मुद्दाम सांगायचो.

आणि आता सगळ्यांत नवी मावशी होणार होती.

पाळक येण्याच्या आठ दिवस आधी मंडळीचे तीन पंच आमच्या घरी आले. बोलायचं काम पेटी वाजवणाऱ्या काकांवर टाकलेलं होतं. ते वडिलांचे जिवलग, त्यांची मुलगी लातूरकडे द्यायचं नुकतंच ठरलं होतं. बाईला बाप्तिस्मा जरूर द्या, ते म्हणाले, पण तिचा गिलास निराळा ठेवा. वडिलांनी रोगाचं सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले, आम्हाला पटतं, पण गावाला कोण पटवणार? खडीच्या कामावरच्या रांजणातून आमची पोरं आत्ता कुठं गावाबरोबर पाणी प्यायला लागली होती. हे लोक महारोग्याचं उष्टं पितात असं एकदा उठलं, की तो रांजण गेला, काम गेलं, सोयरीकही गेली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"मास्तर, आमी एकदा गावानं टाकल्याले लोक हाव," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा टाकलं तर जावं कुठं?"

त्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला होता. आज येत नाही. त्यांच्या मुलीच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं आहे.

वडिलांनी मधला मार्ग काढला. निराळा गिलास नको, प्याला एकच राहील, पण मावशी सगळ्यांच्या आधी न पिता सगळ्यांत शेवटी पिईल. पंच हायसं वाटून उठले. आई चुलीपाशी भांडी आपटत होती. आपटण्यावरून तिला हे पटलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, ती दोन्ही वेळा सारखीच आपटायची. वडील स्वतः मावशीच्या खोपीपर्यंत चालत गेले आणि मान खाली घालून त्यांनी तिला सांगितलं. शेवटी तर शेवटी, ती म्हणाली. परत आल्यावर वडील जेवले नाहीत. शेवटी बसवायचं म्हणजे तिचं उष्टं कुणीच पिणार नाही, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. मी त्याच वर्षी प्रभुभोजनाला बसू लागले होते. पंधरा वर्षांची होते.

तो रविवार फार उन्हाचा होता. आमचं प्रार्थनाघर म्हणजे चार भिंती आणि वर पत्रे. बाप्तिस्म्यासाठी टँकरचं तांब्याभर पाणी राखून ठेवलं होतं. पाळकांनी ओंजळभर घेऊन मावशीच्या डोक्यावर सोडलं आणि उरलेलं तिच्या मुलीला प्यायला दिलं. एरवी आम्ही प्रभुभोजनासाठी मनुका भिजवून, उकळून त्याचा रस काढायचो. त्या साली मनुका कुठल्या? प्याल्यात गुळाचं पाणी होतं आणि ताटात मिलोच्या भाकरीचे तुकडे. पाळक आधी कचरले, मग म्हणाले की जे आहे तेच देवानं दिलेलं आहे.

आम्ही सतरंजीवर ओळीनं गुडघे टेकले. आधी पुरुष, मग बायका, आणि अगदी टोकाला मावशी. मधे दोन माणसांची जागा कुणीतरी मोकळी सोडलेली होती. प्याला पुरुषांच्या ओळीतून निघाला. काका प्यायले आणि परत पेटीवर बसले, वडील प्यायले. प्याला बायकांकडे वळला, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली आई उठली. पाय आखडला असेल असं मला वाटलं. ती ओळीच्या मागून चालत गेली, मावशीच्याही पलीकडे गेली, आणि तिथं गुडघे टेकून बसली.

पाळक थांबले. पेटी थांबली. आईनं मान न वळवता मला बोलावलं, "इकडं ये."

आईची ती हाक म्हणजे जावंच लागायचं. मी उठले. सगळ्या ओळीच्या पाठींमागून चालत गेले. त्या पाठी आखडून बसल्या आहेत हे मला दिसत होतं. मी आईच्या पलीकडे बसले. आता मावशी, मग आई, आणि शेवटी मी.

मावशीनं प्याला दोन्ही मनगटांमध्ये धरला. पाळकांनी खालून आधार दिला. तिनं तो तोंडाला लावला, डोळे मिटले, प्याला तिरपा झाला. मग आईनं घेतला आणि एक मोठा घोट प्यायली. तिचा गळा हललेला मी पाहिला. ज्या बाईनं चार वर्षं उंचावरून वाढलं होतं, ती सगळ्या मंडळीसमोर तिचं उष्टं प्यायली. माझ्या आयुष्यात मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

मग प्याला माझ्याकडे आला. काठ ओला होता. मावशीच्या वरच्या ओठाशी एक जुनी जखम भरून आल्याची खूण होती, ती मला नेमकी तेव्हा आठवली. वडिलांनी शंभर वेळा सांगितलेलं मला पाठ होतं, मी ते वर्गात मैत्रिणींना शिकवलंही होतं. मी ओठ घट्ट मिटले, प्याला वर केला, गुळाचं पाणी ओठांना लागून परत गेलं. मी गिळल्यासारखं केलं. पाळकांनी प्याला घेतला. कुणाला काही कळलं नाही.

उरलेलं पाणी रीतीप्रमाणे लिंबाच्या बुंध्याशी ओतायचं असे. वडिलांनी ओतण्याआधी प्याल्यात पाहिलं. त्यांना कळलं की काय, या भीतीनं मी कितीतरी दिवस त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. ते कधीच काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मावशीची ताटली कोनाड्यातून घरात आली आणि आमच्या ताटांत मिसळली. आईनंच आणली, वर मावशीलाच दटावलं की आता बाहेर बसायचं सोंग करू नको. काका येऊन आईच्या पाया पडले. रांजण गेला नाही, सोयरीक मोडली नाही, गावाला काही कळलंही नसावं. फक्त मी आईवर उगाच चिडायला लागले. तिनं मला ओढून नेलं नसतं तर माझं असं झालं नसतं, असं मी मनाशी घोकायचे.

पुढच्या साली पाऊस झाला. पाळक नांदेडहून एक लाकडी ट्रे घेऊन आले, त्यात अंगठ्याएवढे काचेचे प्याले, प्रत्येकाला निराळा. आता सगळीकडे असंच करतात, हे स्वच्छ असतं, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं, सगळ्यांत जास्त मी. पितळी प्याला कपाटात गेला, तो परत निघाला नाही.

वडील गेले तेव्हा मी प्रशिक्षण घेत होते. त्यांचंच काम मी घेतलं. लोकांना वाटलं, बापाचा वारसा. तसा तो होताही, पण त्याच्या खाली ते न गिळलेलं गुळाचं पाणी होतं. रोग्याच्या घरात मी चहाला कधी नको म्हटलं नाही. फुटक्या कपातून, बशीतून, कुणी पिऊन ठेवलेल्या पेल्यातून प्यायले. एकदा चुकलं ते हजार वेळा करून भरून निघेल असा माझा हिशेब होता.

लातूर जिल्हा झाला आणि आमची कचेरी उस्मानाबादहून लातूरला आली. भाड्याच्या घरात टेबलं मांडलेली, दारावरच्या पाटीचा रंग ओला, टेम्पोतून उतरवलेल्या फायली भिंतीला टेकून उभ्या. गावोगावच्या जुन्या रोग्यांच्या याद्या नव्यानं लिहायच्या होत्या. ज्यांच्या पायांना कळत नाही त्यांना मऊ रबराच्या चपला मिळणार होत्या, त्यासाठी घरोघरी जाऊन कागदावर पायाचं माप काढायचं काम माझ्याकडे आलं. साक्षीच्या रविवारला तीन दिवस उरले असताना मी रेणापूरच्या यादीत मावशीचं नाव वाचलं. तिच्या मुलीचं लग्न तिकडं झालं होतं आणि ती लेकीजवळ राहत होती, एवढं ऐकून माहीत होतं. मी कधी गेले नव्हते. अठरा-वीस किलोमीटरवर होती, तरी नाही.

ती अंगणात शेंगा वाळत घालत होती. मला पाहून तिनं आधी आईचं विचारलं, गुडघे कसे आहेत, अजून तशीच ओरडते का. मी तिचा पाय कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवायला लागले. मान खाली होती म्हणून असेल, मला बोलता आलं. मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी मी प्याले नाही, नुसतं ओठाला लावलं. तुझी घाण वाटली. दहा वर्षं झाली, मला माफ कर.

मी वर पाहिलं तर ती माझ्याकडे मोठ्या काळजीनं पाहत होती, लेकरू पडल्यावर पाहावं तशी.

"मला काय ठाऊक बाई," ती म्हणाली. "मी तर डोळे मिटून व्हते. आन मी बी कुठं पिले?"

मला कळलं नाही. तिनं सांगितलं ते असं. चार वर्षं तिनं त्या घोटाची वाट पाहिली होती. शेवटी बसायचं कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण एक बरं होतं, की आपल्या मागून कुणी नाही, आता पोटभर प्यावं. आणि ऐन वेळी आई येऊन तिच्या पलीकडे बसली, वर मलाही बोलावलं. मास्तर म्हणतात रोग थांबला, मास्तर खोटं बोलत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण मास्तरही माणूसच, चुकला तर? ज्या घरानं जगवलं त्या घरच्या लेकराला आपल्या तोंडचं जाऊ द्यायचं? तिनं प्याला उचलला, ओठ मिटून घेतले, आणि तसाच पुढं दिला.

"माझ्या लेकीला दिलं न्हाई ते तुला कसं देऊ?" ती म्हणाली.

मी विचारलं, मग पुढं कधी प्यालीस? पुढच्या साली, ती म्हणाली, त्या काचेच्या गिलासातून. आपापल्या. ते गोड होतं, चांगलं होतं. पण एकातलं प्यायचं राहिलं ते राहिलंच. हे तिनं कुरकुर म्हणून नाही सांगितलं, शेंगा हलवत सांगितलं. मला मात्र रडू आवरेना. पाय कागदावरच होता, पेन्सिल तिथंच पडली. घोट गेला होता तिचा, आणि तिलाच माझी समजूत घालावी लागली. उलट्या मनगटानं ती माझे डोळे पुसत होती. माझे हजार चहा मला त्या अंगणात फार फुकटचे वाटले. ती न प्याली ती माझ्यासाठी, मी न प्याले ती माझ्यासाठीच.

साक्षीचं मी त्याच संध्याकाळी पाळकबाईंना नाही म्हणून कळवलं. मग घरी गेले. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळच राहत होती. आई लसूण सोलत बसली होती आणि उशीर झाला म्हणून मी आत पाऊल टाकायच्या आधीच तिचं सुरू झालं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी माझं सांगितलं. मला वाटलं होतं मार बसेल. तिनं नुसतं हं केलं, जणू तिला ते कधीचं ठाऊक होतं. मग मी मावशीचं सांगितलं.

आईचे हात थांबले.

"मंजे मी एकलीच पिले," ती हळू म्हणाली. मग मांडीवरची सालं झटकत, "धा वरसं मी समजून राहिले, मीच तिच्यासाठी केलं मनून."

तिनं पदरानं तोंड पुसलं, सोललेला लसूण वाटीत भरला, वाटी बाजूला सारली. मग भिंतीचा आधार घेत, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि उद्या सकाळी रेणापूरला जाणारी पहिली एसटी किती वाजता आहे ते मला विचारू लागली.